रमजानच्या जुम्म्याला कलंदियाच्या नाक्यावरून: माझा अनुभव

अजूनही त्या सकाळची आठवण आली की डोकं तापतं, म्हणून एकदा लिहूनच काढते. आपल्याकडचे बरेच जण हल्ली उमऱ्याला जोडून बैतुल मुकद्दसची, म्हणजे जेरुसलेमची, जियारत करतात. जॉर्डनवरून टूरबरोबर गेलात तर कलंदियाचा नाका, म्हणजे रामल्ला आणि जेरुसलेमच्या मधली इस्रायली लष्कराची तपासणी चौकी, तुम्हाला दिसणारही नाही. मी गेले ती रामल्लाहून, मैत्रिणीच्या आईबरोबर, तिच्याच रांगेतून.

मैत्रीण पुण्यात माझ्याबरोबर बी.फार्मला होती. तेव्हा पुण्यात पॅलेस्टाईनची बरीच मुलं शिकायला असायची. मार्च 2025 मध्ये रमजानात तिच्याकडे राहायला गेले. व्हिसा, विमान, सगळं सरळ झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रामल्ला ते जेरुसलेमची अल-अक्सा मशीद हे अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर, आमच्या चिपळूण-खेडच्या निम्मं. पण त्या रमजानात वेस्ट बँकेतल्या, म्हणजे रामल्ला ज्यात येतं त्या पॅलेस्टिनी भागातल्या, लोकांना जुम्म्याला सोडायचे नियम असे: पुरुष 55 च्या वरचे, बायका 50 च्या वरच्या आणि मुलं 12 वर्षांपर्यंतची. तेही आधी तसरीह, म्हणजे परवाना, मिळाला तर. त्याचा अर्ज लष्कराच्या ॲपवर करायचा, शिवाय बोटांचे ठसे घेऊन दिलेलं मॅग्नेटिक कार्ड चालू हवं. मैत्रीण आणि मी एकाच वयाच्या. ती तिथेच जन्मली, तिला जाता येत नाही. मी कोकणातून उठून गेले, मला पासपोर्टवर जाता येतं. हे मला आधी माहीत होतं, पण पहाटे ती दारात उभी राहून आईच्या पिशवीत जानमाज भरत होती तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

सहरी करून, फजर पढून निघालो. जुम्म्याला गाड्या नाक्याच्या बऱ्याच अलीकडे थांबवतात, पुढे पायी. एका बाजूला 1949 पासूनची निर्वासितांची छावणी, दुसरीकडे काँक्रीटची उंच भिंत, तिच्यावर पॅलेस्टिनी नेते अराफात आणि बरगूती यांची मोठमोठी चित्रं. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. (चपला घालाल तर पटकन काढता येतील अशा घाला. आणि घरूनच बाथरूमला जाऊन निघा, पुढे सोय होईल या भरवशावर राहू नका.)

आत इमारतीत जायच्या आधीच, बाहेर काँक्रीटचे ठोकळे टाकून पहिली तपासणी असते. आमचं घोडं अडलं ते इथेच.

खालाने, म्हणजे मैत्रिणीच्या आईने, हिरव्या कव्हरातलं ओळखपत्र, मॅग्नेटिक कार्ड आणि मोबाईलवरचा तसरीह असं तिन्ही एकदम पुढे धरलं. सैनिक असेल वीस-एकवीस वर्षांचा. त्याने मोबाईल पाहिला, खालाकडे पाहिलं आणि अरबीत म्हणाला, "इर्जई." मागे जा. का, ते नाही. मी इंग्रजीत विचारलं तर म्हणाला, परवाना दिसत नाही. परवाना त्याच्या नाकासमोर होता, खालाचा फोटो, नाव, तारीख सगळ्यासकट. मी पुन्हा बोट दाखवलं तर मलाच म्हणाला, तुम्ही जा, यांना परत पाठवा.

मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, वाद घालू नकोस, रांग बदला. हा सल्ला लक्षात ठेवा. तिथल्या प्रत्येक बाईला तो पाठ आहे.

रांग बदलली. पुन्हा शेवटून सुरुवात. इथे सैनिक मुलगी होती. ती म्हणाली, कार्डाची मुदत संपली. खालाने कार्ड उलटं करून तारखेवर अंगठा टेकवला. अजून वर्षभर बाकी होतं. मुलीने तारखेकडे पाहिलंच नाही, हाताने बाजूला व्हा म्हणाली आणि पुढच्या बाईला बोलावलं.

मग रांगच थांबली. ना घोषणा, ना कारण. ऊन चढत होतं, सगळ्या बायका रोज्याने, बऱ्याच जणी साठीच्या पुढच्या. कुणी ठोकळ्यावर टेकून कुराण वाचत होती, कुणाची तसबीह चालू होती. रेड क्रिसेंटची पोरं एका आजीला व्हीलचेअरवर बसवून पुढे नेत होती. आमच्या शेजारी एक आजी नातवाला घेऊन उभी होती. पोरगा अंगाने उंच, म्हणून त्याला आधी एकदा परत पाठवलेलं. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून त्याचा जन्माचा दाखला काढला, घडी उलगडली, परत तशीच घडी घातली, परत उलगडली. तो दाखला ती हातातून खाली ठेवेना. मी घड्याळ बघत होते. खुतबा, म्हणजे नमाजीआधीचं प्रवचन, बाराच्या सुमारास, आणि आम्ही अजून पहिल्याच टप्प्यावर. मला रडू यायचं बाकी होतं. खालाने माझा हात धरून सांगितलं, "सब्र, या बिन्ती." धीर धर, मुली. मला सब्र नव्हता आणि आजही नाही. भांडण करण्याइतकी अरबी मला येत असती तर मी भांडले असते. पण त्यातून खालाचंच नुकसान झालं असतं, हेही खरं.

पुढे कधीतरी रांग हलली. ठोकळ्यापाशी आता दुसरेच सैनिक होते, एक जरा वयस्कर अधिकारी. खालाने तेच ओळखपत्र, तेच कार्ड, तोच मोबाईल पुढे केला. त्याने नजर टाकली न टाकली आणि जा म्हणून मान हलवली. बस्स. तीच बाई, तेच कागद, त्याच सकाळी. मला खरी चीड येते ती याची. कागद कमी असता तर आणून दिला असता. इथे सगळं समोरच्या माणसावर होतं. आजी आणि नातूही आमच्या मागोमाग सुटले. पोरगा अकरा वर्षांचा होता.

आत गोल फिरणारं लोखंडी फाटक, सामानाचा पट्टा, कार्ड टेकवायचं आणि कॅमेऱ्यात बघायचं. 2019 साली बसवलेल्या या यंत्रांनी खालाला क्षणात सोडलं. म्हणजे कार्ड उत्तम चालू होतं! माझा पासपोर्ट आणि विमानतळावर मिळालेली निळी चिठ्ठी पाहिली. (ती चिठ्ठी एवढीशी असते, पासपोर्टमध्ये नीट ठेवा, हरवू नका.) तुम्ही परदेशी, या रांगेतून कशाला आलात, असं विचारलं. मैत्रिणीची आई आहे म्हणून, असं सांगितलं.

पलीकडे बस उभ्याच होत्या. दमास्कस गेटपासून गर्दीबरोबर चालत गेलो. हरमच्या, म्हणजे अल-अक्साच्या आवाराच्या, दाराशी ते आवार सांभाळणाऱ्या वक्फच्या माणसाने मला सूरे फातिहा म्हणायला लावली. अनोळखी परदेशी चेहऱ्याला असं विचारतात, राग मानू नका. जुम्म्याला कुब्बत-अस-सखरा, म्हणजे तो सोनेरी घुमट, बायकांसाठी असतो. खुतबा सुरू झाला होता, पण नमाज मिळाली.

नमाजीनंतर खालाने पिशवीतून वहीचं एक पान काढलं. गल्लीतल्या ज्यांना येता आलं नाही त्यांची नावं, आणि कुणासाठी काय दुवा मागायची ते. ती एकेक नाव वाचत गेली. शेवटी चिपळूणच्या माझ्या अम्मीचं नाव होतं, मैत्रिणीने रात्रीच अरबीत लिहून ठेवलेलं.

वेळ असेल तर हेरोद गेटजवळची हिंदी सराय बघा. बाबा फरीद यांच्या नावाची ती जागा 1924 पासून सहारनपूरचं अन्सारी कुटुंब सांभाळतंय. आम्हाला जमलं नाही. खालाला असर पढून लगेच निघायचं होतं.

परतताना रामल्लाच्या बाजूला जायला आम्हाला कुणी काही विचारलं नाही. सरळ बाहेर. सकाळची ती रांग आठवून मला पुन्हा संताप आला. मोबाईल मात्र पूर्ण चार्ज असू द्या, तसरीह त्याच्यातच असतो, आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. हे आधी सांगायला हवं होतं.

इफ्तारला मकलूबा होता. कतायफ खाता खाता खालाने मैत्रिणीच्या हातात मोबाईल दिला आणि पुढच्या जुम्म्याचा अर्ज तिथल्या तिथे भरून घेतला.