शतपावलीच्या वेगाने

जेवणानंतर अंगणात शतपावली घालणारा माणूस किती वेगाने चालतो? ताशी तीन-साडेतीन किलोमीटर, म्हणजे दोन मैलांच्या आसपास. एरवी हा हिशेब कुणी करत नाही. पण नोव्हेंबरातल्या एखाद्या करड्या दुपारी, अमेरिकेत, मिनेसोटातल्या तळ्यावर, बोटीच्या पडद्यावर २.१ हा आकडा दिसतो आणि वाटतं, अरे, ही तर शतपावली! फरक इतकाच की इथे चालतोय दहा इंचांचा प्लास्टिकचा मासा, आणि तोही पाच अंशांच्या पाण्यात.

कोकणात गळ टाकून मासे पकडण्याला गरवणं म्हणतात. ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीतून गरवणं. नकली मासा साठ-सत्तर फूट मागे सोडायचा आणि ओढत राहायचं. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो मस्की, म्हणजे मस्केलंज. बदकाच्या चोचीसारख्या तोंडाचा लांबोडा शिकारी, विस्कॉन्सिनचा राज्यमासा. 'दहा हजार फेकींचा मासा' ही त्याची तिकडची ख्याती. अशा माशाच्या मागे लागलेली माणसं २.४ की २.७ यावर हमरीतुमरीवर येतात, याचं नवल वाटायला नको.

या वादात एक वाक्य ठरलेलं असतं: 'पाणी थंड झालं की हळू जा.' हळू म्हणजे किती, हे मात्र कुणी सांगत नाही. 'चवीपुरतं मीठ' म्हणण्यातलाच हा प्रकार.

बरं, वाक्य अर्धंच खरं आहे. माशाचं शरीर पाण्याइतकंच थंड असतं, त्यामुळे पचन मंदावतं आणि लांबवर पाठलाग करायची हौस कमी होते, हे बरोबर. पण मंद म्हणजे उपाशी नव्हे. मादीच्या पोटात वसंतातल्या विणीसाठी अंडी भरत असतात. पाणी चार-पाच अंशांवर आलं की टुलिबी नावाचे चंदेरी मासे अंडी घालायला खडकाळ उथळात येतात, आणि त्यांच्या मागोमाग मस्कीही. मिल लॅक्ससारख्या तळ्यात वर्षातली सगळ्यात जाड मस्की याच दिवसांत हाती लागते. ती आळशी नसते, हिशेबी असते.

तर आकडे. ऑगस्टमध्ये ताशी चार ते सहा मैल चालून जातं, म्हणजे लोकल पकडायला निघालेल्या माणसाची चाल ते पळापळ. पाणी दहा-बारा अंशांवर आलं की तीन ते चार. सात-आठ अंशांला अडीच ते तीन. त्याखाली दोन ते अडीच. पण हे आकडे म्हणजे फक्त सुरुवात. सहा अंशांच्या पाण्यात दोन तास २.३ ने हिंडून काही लागत नसेल तर १.८ वर उतरण्याआधी एकदा ३.५ करून बघावं. भूक नसली तरी नाकासमोरून काहीतरी सुसाटलं तर तोंड मारायची खोड थंडीत जात नाही. बहुतेक जण एकाच दिशेने, खाली खाली जात राहतात. माझ्या मते थंड पाण्यातली सगळ्यात मोठी चूक हीच.

दुसरी चूक म्हणजे पडद्यावर विश्वास ठेवणं. जीपीएस सांगतो तो जमिनीवरचा वेग. नकली माशाला जमिनीशी देणंघेणं नाही, त्याला पाण्यातला वेग कळतो. सेंट लॉरेन्स नदीत प्रवाह ताशी एक मैल असेल तर प्रवाहाविरुद्ध पडद्यावर दिसणारे २ प्रत्यक्षात ३ होतात आणि परतीच्या फेरीत तेच २ होतात १. वर जाताना मासे लागतात आणि येताना लागत नाहीत याची कारणमीमांसा लोक चंद्राच्या कलांपर्यंत नेतात, आणि उत्तर साध्या वजाबाकीत असतं.

खरा वेगमापक म्हणजे रॉडचं टोक. रुंद डोलणारा नकली मासा दोन मैलांनासुद्धा टोकाला ठसठशीत ठोके देतो. बारीक थरथरणारा, अरुंद अंगाचा मासा तेवढ्या वेगात नुसता काठीसारखा ओढला जातो, त्याला साडेतीन-चार लागतातच. म्हणून वेग ठरवण्याआधी बोटीशेजारी, डोळ्यांसमोर, त्याला पाण्यात चालवून बघायचं. डोलणं जिथे सुरू होतं तो त्याचा किमान वेग. आडवा पडत असेल तर तो ज्या बाजूला कलतो, त्याच्या उलट बाजूला नाकावरची कडी पक्कडीने केसभर वाकवायची. रबरी माशाची तऱ्हा आणखी वेगळी. थंडीत रबर कडक होतं आणि सप्टेंबरात झुलणारी शेपटी नोव्हेंबरात ताठ उभी राहते. मऊ रबराची, पातळ शेपटीची जात वेगळी ठेवलेली बरी.

मोठ्या बोटीची पंचाईत वेगळीच. दीडशे अश्वशक्तीचं इंजिन कितीही मंद केलं तरी बऱ्याचदा दोनवर येत नाही. मग शेजारी दहा अश्वशक्तीचं छोटं इंजिन लावतात, नाहीतर कापडी पाणपिशवी मागे सोडून बोटीला लगाम घालतात.

मिनेसोटात माणशी एकच दोर, त्यामुळे दोघे असले तर डावा-उजवा असे दोन. बोट सरळ रेषेत न नेता नागमोडी न्यायची. वळणावर बाहेरचा मासा वेग घेतो, आतला मंदावतो आणि तरंगणारा असेल तर थोडा वर येतो. झटका बाहेरच्या रॉडला आला तर वेग तीन-चार दशांशांनी वाढवा, आतल्याला आला तर तेवढाच कमी करा. एक वळण दोन्ही परीक्षा घेतं. खोलीसाठी मात्र वेगाला हात लावू नये. नाकाखाली प्लास्टिकची चोच असलेला नकली मासा मुख्यतः किती दोर सोडला त्यावर खाली जातो, तर वजन लावलेला रबरी मासा वेग वाढवला की उलट वर येतो.

मंद वेगात झटकाही मवाळ असतो. टोक वाकतं, कधी ठोके नुसते थांबतात. घाईने इंजिन बंद केलं की दोर सैल पडतो आणि तिहेरी गळ रुतायचा राहतो. काही क्षण बोट चालूच द्यावी. गळ कानशीने घासलेले हवेतच. आणि हवा शून्याखाली असेल तर मासा वर उचलूच नये. ओले कल्ले उघड्या वाऱ्यात बघता बघता गोठतात. जाळी पाण्यातच ठेवायची, गळ पाण्यातच कापायचा, फोटोही पाण्यातलाच. लाइफ जॅकेट तर कोटावरून आधीच बांधलेलं असावं. पाच अंशांच्या पाण्यात बोटं काही मिनिटांतच कामातून जातात.

एवढं सगळं जुळवून आणलेलं असतं. पाणी सहा अंश, वेग २.४, वारा पाठीवर, प्रवाहाची वजाबाकीही केलेली. पडदा खूश, आपण खूश. रॉडचं टोक तेवढं गप्प. पाऊण तासाने सहज दोर गुंडाळून बघावं, तर नाकाला मेपलचं एक पान चिकटलेलं.