हरभऱ्याएवढी गाठ

आज आईचं ऑपरेशन झालं. सर्जननी बाहेर येऊन स्टीलच्या वाटीत गाठ दाखवली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, लालसर तपकिरी. एवढीशी? हिने तीन वर्षं नाचवलं आम्हाला?

पहाटे आई असंबद्ध बोलायची, घामाने चिंब व्हायची. एकदा मलाच विचारलं, "आपण कोणाकडे आलात?" कोणी फिट म्हणालं, गोळ्या सुरू. कोणी मानसिक म्हणालं. मावशीने तर दृष्टही काढली. साखरेचं पाणी पाजलं की आई पुन्हा माणसात यायची, हे सगळ्यांना दिसत होतं. पण नेमकं त्या वेळी रक्तातली साखर मोजायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

शेवटी एका एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टर बाईंनी अ‍ॅडमिट करून उपाशी ठेवलं. ही चाचणी ७२ तासांपर्यंत चालते. आई चौदाव्या तासालाच गडबडली. साखर ३८ पर्यंत घसरलेली, आणि अशा वेळी थांबायला हवं ते इन्सुलिन मात्र चालूच. इन्सुलिनोमा! म्हणजे स्वादुपिंडात इन्सुलिन बनवत राहणारी गाठ. दहा लाखांत वर्षाला चारेक जणांना होणारा, बहुतेकदा कॅन्सर नसलेला. सीटीत सापडला नाही, एंडोस्कोपीतून केलेल्या सोनोग्राफीत सापडला. स्वादुपिंडाच्या मुख्य नळीपासून लांब होता, म्हणून नुसता सोलून काढता आला.

गाठ निघाल्यावर साखर चढत १६० वर गेली. डायबिटीसवाल्या आमच्या घरात वाढलेल्या साखरेचा आनंद पहिल्यांदाच!

संध्याकाळी आयसीयूत भेटलो. आई पुटपुटली, "घरी माझ्या उशाखाली लिमलेटच्या गोळ्या आहेत. काढून ठेव, मुंग्या लागतील."