आमची वाटचाल : न्हाणीघर, टाकी आणि बेडूक

आंबोली घाटात पावसाळ्यात धबधब्याखाली भिजून आलेल्यांना कांदाभजी, चहा आणि भाजलेलं कणीस विकणारे पुष्कळ. आमचाही तसाच एक गाडा होता. गाड्यावर बसून आईच्या एक गोष्ट ध्यानात आली. पुरुष गाडीच्या आडोशाला कपडे बदलतात, बायका मात्र तशाच ओलेत्या, कुडकुडत गाडीत जाऊन बसतात. "बायलमाणसांनी जावचा खंय?" हे तिचं रोजचं पालुपद.

मग गावातल्या घरामागच्या न्हाणीघराला पक्कं दार नि आतून कडी बसवली, शेजारी शौचालयं बांधली, बंब पेटवला. कढत पाण्याची बादली, कोरडी जागा, वर आल्याचा चहा. भज्यांना मागे टाकील अशी कमाई त्यातून होऊ लागली. धबधबा फुकट आहे हो, लोक पैसे देतात ते कोरडं होण्याचे! वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात कपडे वाळवून देणं हीसुद्धा सेवाच आहे. चुलीवर बांबू टांगून त्यावर आम्ही ते पसरतो. जीन्सला अख्खी संध्याकाळ लागते. कपडे वाळेपर्यंत लोक जेवायला थांबू लागले, जेवून झोपायला जागा विचारू लागले. खोल्या अशा झाल्या.

सगळ्यात जास्त पैसा मात्र जमिनीखाली गेला. इथला दगड जांभा, सच्छिद्र. साधा शोषखड्डा केला तर घाण थेट खालच्या झऱ्यात उतरणार. म्हणून सिमेंटची बंद टाकी केली. तेवढ्या पैशांत आणखी एक खोली झाली असती, असं शेजारी अजून ऐकवतात. पण हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या देवळाच्या कुंडातला मासा २०२० साली शास्त्राला नवा म्हणून नोंदवला गेला आणि २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. अशा गावात पाण्यात घाण सोडून पर्यटन कसलं करायचं?

आता बेडूक बघायची रात्रीची फेरी आमची मुख्य ओळख झाली आहे. पहिल्या पावसानंतर सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळावरच्या, डबक्यांत आंबोली टोड नावाचे बेडूक जमतात. हा जीव आंबोलीच्या परिसराबाहेर क्वचितच दिसतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीला मलबार ग्लायडिंग फ्रॉग या झाडावरच्या बेडकाचं फेसाचं घरटं लटकलेलं असतं, साबणाचा फेस चिकटवावा तसं. पिल्लं त्यातून थेट खाली पाण्यात पडतात. शहरातली पोरं ते बघायला तासभर गप्प उभी राहतात. रविवारी स्पीकर लावून येणारी गर्दी त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी, पण ती आमच्याकडे मुक्कामाला नसते, आणि आम्ही बोलावतही नाही.

फेरीला गाडी नेत नाही, रस्त्यावर बेडूक चिरडतात. कुणी बेडूक हातात घ्यायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. टॉर्च आणि बूट ज्याचे त्याने आणावेत. छत्री आणू नका, वाऱ्यात टिकत नाही. रेनकोट आमच्याकडे भाड्याने मिळतो. न्हाणीघर मुक्काम नसलेल्यांनाही खुलं आहे, बायकांना आधी.