आमची वाटचाल: एक व्हिडिओ, दोन फायली

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीत २००८ साली दादानं आणि मी वेबसाइटची कामं घ्यायला सुरुवात केली. दोन संगणक, एक इन्व्हर्टर आणि बाबांच्या दुकानातलं जुनं टेबल. पहिली दोन वर्षं मंगल कार्यालयं, क्लासेस, कपड्यांची दुकानं यांची साधी पानं करण्यात गेली.

मग २०१० च्या उन्हाळ्यात शिरोलीची एक फाउंड्री आली. त्यांची कास्टिंगं जर्मनीला जायची. तिथल्या खरेदीदारांना भट्टीपासून तपासणीपर्यंतचा कारखाना तीन मिनिटांत दिसावा, असा व्हिडिओ मालकांना वेबसाइटवर हवा होता. तोवर आम्ही व्हिडिओ फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरला वेगळ्या जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकायचो. पण आयफोनवर फ्लॅश चालत नव्हतं, आणि त्याच एप्रिलमध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी ते का चालू देणार नाही हे जाहीर पत्रात लिहिलं होतं. मालक तर सगळं आयफोनवरच बघायचे. म्हणून आम्ही एचटीएमएल५ चा, म्हणजे वेबपानांच्या भाषेच्या नव्या आवृत्तीचा, व्हिडिओ टॅग वापरला. फाइल एमपी४, आतलं कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची आणि पुन्हा उलगडायची पद्धत, एच.२६४. क्रोममध्ये चाललं, सफारीत चाललं, मालकांच्या फोनवरही चाललं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "ताई, जर्मनीवाले म्हणत्यात व्हिडिओच दिसत नाही. चौकट आहे आणि मधी फुली. त्यांना वाटाय लागलंय आम्ही कारखाना दाखवायचं टाळतोय."

ते शेवटचं वाक्य मला फार लागलं. जर्मनीत तेव्हा फायरफॉक्स घरोघर होता, आणि फायरफॉक्स एच.२६४ वाजवत नव्हता. हे आम्ही तपासलंच नव्हतं.

त्या रात्री वाचत बसले तेव्हा भांडण कळलं. एच.२६४ वर पेटंटं होती. ब्राउझर बनवणाऱ्याला परवान्यापोटी वर्षाला ५० लाख डॉलरपर्यंत भरावे लागू शकत होते. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं पैसे भरले तरी त्याचा खुला कोड घेऊन स्वतःचा ब्राउझर करणाऱ्याला त्या परवान्याचा उपयोग नव्हता. म्हणून त्यांनी २००९ च्या फायरफॉक्स ३.५ मध्ये ऑग थिओरा हे मोकळं कोडेक दिलं. ॲपलला थिओरा नको होतं; त्यात लपलेली पेटंटं निघतील, आणि फोनच्या चिपमध्ये त्याची सोय नाही, असं त्यांचं म्हणणं. एकमत होईना, तेव्हा एचटीएमएल५ च्या प्रमाणग्रंथात कुठल्याच कोडेकचं नाव उरलं नाही. माझं मन तेव्हाही मोझिलाच्या बाजूनं होतं, आजही आहे. पण माझ्या ग्राहकाला तो व्हिडिओ दिसायलाच हवा होता.

थिओराची दुसरी फाइल केली, तरी फुली जाईना. दोन दिवस त्यात गेले. आमचा सर्व्हर ती फाइल साधा मजकूर म्हणून पाठवत होता आणि फायरफॉक्स ती नाकारत होता. सेटिंगमध्ये एक ओळ घातली आणि भट्टी पेटलेली दिसली. मग आयपॅडवर अडलं. तो यादीतली पहिलीच फाइल बघायचा, म्हणून एमपी४ वर, ऑग खाली.

यातून आमचा धंदा उभा राहिला. कोटेशनवर आम्ही 'सर्व ब्राउझरमध्ये चालेल' असं लिहायला लागलो आणि ते पाळलं. रूपांतर रात्री लावायचं. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर दमला की सकाळी पहिल्यापासून. मे २०१० मध्ये गूगलनं व्हीपी८ हे कोडेक मोफत खुलं करून वेबएम हे फाइल-स्वरूप आणलं होतं, ते ब्राउझरांत पोचल्यावर ऑगची जागा त्यानं घेतली. जानेवारी २०११ मध्ये गूगलनं क्रोममधून एच.२६४ काढणार असं जाहीर केलं. आम्ही घाईनं सगळ्या ग्राहकांच्या वेबएम फायली करून ठेवल्या. क्रोममधून ते कधीच निघालं नाही.

मार्च २०१२ मध्ये मोझिलानं माघार घेतली. मोबाइलवर एच.२६४ शिवाय निभाव लागेना. २०१३ पासून फायरफॉक्स विंडोजमधलंच एच.२६४ वापरायला लागला, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये सिस्को कंपनीनं परवान्याचा खर्च स्वतः उचलून आपलं एच.२६४ कोडेक सगळ्यांना देऊ केलं. वाचून मला बरं वाटलं आणि काळजीही वाटली. एकच फाइल सगळीकडं चालायला लागली आणि आमचं अर्धं काम गेलं. दोन वर्षं ओढाताणीची होती. दादानं शूटिंग शिकून घेतलं, त्यावर तग धरला.

एक गोष्ट आम्ही कधी सोडली नाही: कॅमेऱ्यातली मूळ फाइल जपणं. रूपांतरातून पुन्हा रूपांतर केलं की चित्र खराब होतं, विशेषतः ठिणग्या आणि धूर. प्रत्येक ग्राहकाची वेगळी हार्ड डिस्क, वर नाव आणि साल.

आता लोक आयफोनवर शूट करून थेट पाठवतात. ती फाइल बऱ्याचदा एचईव्हीसी या एच.२६४ नंतरच्या कोडेकमध्ये असते, त्यावरही पेटंटं आहेत, आणि 'सफारीत दिसतोय, तिकडं दिसत नाही' हे फोन पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या बाजूला एव्ही१ हे कोडेक आहे. २०१८ साली आलेलं, परवाना-शुल्क न लागणारं, आणि या वेळी गूगल, मोझिला, सिस्को एकाच आघाडीत. नंतर ॲपलही तिच्यात आलं.

गेल्या वर्षी शिरोलीच्या मालकांच्या मुलानं जुना व्हिडिओ नव्या वेबसाइटसाठी मागितला. '२०१०' लिहिलेली डिस्क काढली, मूळ फाइल उघडली. पुन्हा दोन फायली केल्या, पण क्रम उलटा: एव्ही१ वर, एमपी४ खाली, कारण ब्राउझर आता जमेल ती पहिली फाइल नीट निवडतात. आयफोन १५ प्रोच्या आधीच्या फोनांत एव्ही१ साठी चिप नाही; ते खालची घेतात.

लिंक पाठवल्यावर मोठ्या मालकांचा फोन आला. "ताई, ठिणग्या आधीपेक्षा चांगल्या दिसाय लागल्यात."