आमची वाटचाल : सराफाच्या भिंगापासून

आमचे नाना भुसावळला चष्म्याच्या नंबरच्या काचा घासायचे. आधी एमरीची घासायची पूड, मग चकाकी आणायला सेरियम ऑक्साइडची तांबूस पेस्ट, हाताला दिवसभर तोच रंग. तयार नंबरच्या काचा स्वस्तात मिळायला लागल्या, तसं ते काम बसलं. मी जळगावच्या एमआयडीसीत छोटं शेड घेतलं आणि सराफांची भिंगं करायला लागलो. जळगावला सोन्याचा बाजार मोठा, गिऱ्हाईक दारातच होतं.

पुढे सोन्याच्या दागिन्यांवर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, आला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो नसलेला हॉलमार्कचा दागिना विकायला बंदी झाली. अंगठीच्या आतल्या बाजूचा तो नंबर साध्या काचेनं वाचताना अक्षरांना निळी-तांबडी किनार दिसते, डोळा शिणतो. म्हणून आम्ही ट्रिपलेट करायचं ठरवलं : मधे रंग कमी फाकवणारी क्राउन काच, दोन्ही बाजूंना रंग जास्त फाकवणारी फ्लिंट काच, तिन्ही चिकटवलेल्या. दहा पटीचं भिंग म्हणजे २५ मिलिमीटर नाभीय अंतर. तेवढ्या अंतरात रंगाची किनारही आवरायची आणि कडेची अक्षरंही सरळ ठेवायची, हे अंदाजानं होत नाही. त्यासाठी ऑप्टिकल डिझाइनचं सॉफ्टवेअर घेतलं. आमच्यासारख्याला तो खर्च जड होता, पण घेतलं ते बरं केलं.

आता एका मे महिन्याचं सांगतो. व्होल्टेज वरखाली झालं आणि जोडीचा दुसरा मॉनिटर जळाला. सकाळी ट्रिपलेटची फाइल उघडली. लेन्सचं चित्र आलं, किरणांचा आलेखही आला, पण त्रिज्या, जाडी, काच भरायचं टेबल काही येईना. मेनूत जाऊन क्लिक करावं, तर काहीच हलत नाही. सात महिन्यांचं काम त्या टेबलात होतं. माझ्या पोटात गोळा आला. सॉफ्टवेअर काढून दोनदा नव्यानं टाकलं, तरी तेच. जेवणाचा डबा तसाच राहिला.

आमच्याकडे पारोळ्याचा एक डिप्लोमा झालेला मुलगा आहे. त्यानं आधी कोरी फाइल उघडली. टेबल लगेच आलं. म्हणजे सॉफ्टवेअर ठीक होतं, अडचण आमच्या फाइलच्या बाजूला होती. मग ऑल्ट-टॅब दाबलं, तर उघड्या विंडोंच्या छोट्या चित्रांत टेबलही होतं. "अण्णा, ती आठेच शे!" म्हणजे विंडो इथेच आहे, असं तो ओरडलाच. त्यानं ते टेबल निवडलं, ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबलं, मग एम, आणि डाव्या बाणावर बोट ठेवलं. स्क्रीनच्या उजव्या कडेतून राखाडी पट्टी डोकावली, मग पहिला रकाना, मग आमच्या त्रिज्या. मी खुर्ची ओढून खाली बसलो.

विंडो कधी बंद झालीच नव्हती. ती जळालेल्या मॉनिटरच्या जागेवर उघडत होती. कुठली विंडो कुठे ठेवायची, हे लेन्सच्या फाइलशेजारी त्याच नावाच्या सेशन फाइलमध्ये साठवलेलं असतं. ती फाइल डिझाइनच्या फोल्डरमध्ये असल्यामुळे सॉफ्टवेअर कितीही वेळा टाकलं तरी जुनी जागा पुसली जात नव्हती. बाकीच्या डिझाइनांनाही हाच त्रास होता. तिथे सॉफ्टवेअर बंद करून सेशन फाइलचं फक्त नाव बदललं. जुनी जागा सापडेना, तशी टेबलं सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या जागी उघडली आणि लेन्सच्या आकड्यांना धक्का लागला नाही, कारण ते लेन्सच्या फाइलमध्ये असतात.

मॉनिटर दुरुस्त होऊन आला. आता काम संपलं की सगळ्या विंडो पहिल्या स्क्रीनवर आणायच्या आणि मगच सेव्ह करायचं, असं त्या मुलानं सगळ्यांना शिकवलं आहे. आणि मी नानांच्या पद्धतीची वही पुन्हा घातली. नाना प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर हातानं लिहून ठेवायचे. पहिल्या पानावर त्या ट्रिपलेटच्या चार त्रिज्या, तीन जाड्या आणि तीन काचांची नावं शाईनं लिहिली आहेत.