राहूनच गेलं ना

साडेअकरा होऊन गेले. पाऊस कौलांवर नुसता ओततोय, वीज दोनदा जाऊन आली, हे केव्हाचे झोपले. मला झोप नाही. कारण इतकं फुटकळ आहे की वहीत लिहायलाही लाज वाटते. धाकटी सहज बोलून गेली, "आई, ही तुजेच भशेन गो!" हसत बोलली. मीही हसले. मग उठून आत गेले आणि घासलेलीच भांडी परत घासायला घेतली.

ही म्हणजे एलिझाबेथ अर्कहार्ट. धाकटीने सुट्टीत लॅपटॉप टीव्हीला जोडून ती जुनी ब्रिटिश 'हाऊस ऑफ कार्ड्स' लावली. अमेरिकन नव्हे, बीबीसीची, १९९० सालची. त्यात तो फ्रान्सिस अर्कहार्ट सरकारी पक्षाचा मुख्य प्रतोद असतो. मंत्रिपद मिळणार म्हणून बसलेला, ते मिळत नाही. मग एकेकाचा काटा काढत थेट पंतप्रधान होतो. पहिला भाग लागला आणि त्याच आठवड्यात तिकडे खऱ्या थॅचरबाईंनी राजीनामा जाहीर केला म्हणे. चार-चार भागांच्या तीन मालिका, म्हणजे बारा भाग. आम्ही चार रात्रींत संपवले.

सगळे त्याच्याबद्दल बोलतात. मीही पहिल्या रात्री त्यालाच बघत होते. तो मध्येच कॅमेऱ्याकडे वळून आपल्याशी बोलतो ना, म्हणून आपणही त्याच्या कटात सामील. बायको मात्र आपल्याकडे बघतच नाही. तिचे प्रसंगही थोडे. येते, दोन वाक्यं बोलते, जाते. आवाज कधी चढत नाही. पण नीट बघितलं की कळतं, तो जिथे कचरतो तिथे हिचं वाक्य येतं. त्या तरुण पत्रकार मुलीला जवळ कर, हेसुद्धा बायकोच सुचवते! पुढे ती मुलगी संसदेच्या गच्चीवरून खाली जाते, आणि घरात सगळं जिथल्या तिथे.

तर अशी बाई. आणि माझी लेक म्हणते, तुझ्यासारखीच.

आधी राग आला. मी कुणाला गच्चीवरून ढकललं? आमच्या पंचायतीला धड गच्ची नाही, पत्रे आहेत. मग स्वतःचीच कीव आली. कीव काय, चांगलं रडू आलं. इतकी वर्षं यांच्या बैठकांना चहा कोणी केला? अर्ध्या रात्री आलेल्यांना सोलकढी-भात कोणी वाढला? मतदार यादीत कोणाचं नाव गळलंय, कोण मुंबईहून यायचा राहिलाय, कोणाच्या घरी गेल्यावर कोणाचं नाव काढायचं नाही, हे सगळं कोणाच्या डोक्यात असायचं? हार यांच्या गळ्यात. मी दाराआड, हातात आरतीचं तबक. आणि बक्षीस काय, तर टीव्हीवरची कारस्थानी बाई.

इथवर लिहून थांबले होते. पाणी पिऊन आले.

खरं सांगायचं तर धाकटीचं वाक्य लागलं ते खोटं म्हणून नाही. ती बोलली तेव्हा आधी एक क्षण मला बरं वाटलं होतं. एवढंच सलतंय. कोणाला तरी दिसलं, असं वाटलं. लाज मागाहून आली.

लहानपणी आमच्या देवळाच्या जत्रेत ऐतिहासिक नाटक असायचंच, आणि त्यात बहुतेक वेळा नारायणरावाचा खून. पलीकडच्या वाड्यावरचा एक जण मिशी काढून आनंदीबाई व्हायचा. पत्रातल्या 'धरावे'चं 'मारावे' केलं की मांडवातून बायका बोटं मोडायच्या. 'काका, मला वाचवा' म्हणत नारायणराव धावला की आजी डोळे पुसायची. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. तलवारी गारद्यांच्या, गादी हवी होती राघोबाला, रामशास्त्र्यांनी दोषी धरलं तेही राघोबाला. आनंदीबाईने अक्षर बदललं याला पक्का पुरावा नाही म्हणतात. पण म्हण झाली ती तिच्यावरच. राघोबावर एखादी म्हण आहे? मला तरी आठवत नाही.

गंमत बघा, त्या खुनानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९७३ मध्ये, आमच्या गोव्यात ताई मुख्यमंत्री झाल्या. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर खुर्चीवर बसल्या. मी शाळेत होते. बाई उघड-उघड खुर्चीत बसते, सह्या करते, हे आम्ही गोव्यातल्या मुलींनी लहानपणीच पाहिलंय. आता तर २०२२ मध्ये चाळीस जणांच्या विधानसभेत तीन नवरा-बायकोच्या जोड्या निवडून आल्या. अमेरिकन मालिकेतली बायकोही शेवटी स्वतः राष्ट्राध्यक्ष होते. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा सगळे मागे लागले होते, वहिनी, तुम्ही उभ्या राहा. मी म्हटलं, मला नाही बाई जमत. हे शेजारच्या वॉर्डातून उभे राहिले आणि मी परत यादी घेऊन बसले. का नाही म्हटलं, ते आज नको.

डब्याचं मात्र लिहिते. तेवढ्यासाठीच वही उघडली.

त्या वर्षी नागपंचमीला पातोळ्या केल्या. नेहमीपेक्षा जास्त. हळदीच्या पानावर पीठ पातळ फासायचं, नारळ-गुळाचं चून भरायचं, पान दुमडून वाफेवर ठेवायचं. पान सोलताना पिठावर शिरा उठलेल्या दिसल्या की समजायचं, जमली. दोन डबे भरले, एकाच पिशवीत घातले. पहिला खालच्या वाड्यावरच्या वहिनीला. तिचा नवरा तेव्हा पंच. सात पंच, तीन इकडे, तीन तिकडे, हा एकटा काठावर. मी मतांचं काही बोलले नाही. शपथ घेऊन सांगते, एक शब्द नाही. सुनेचं विचारलं, म्हशीचं विचारलं. उठताना अंगणातून ओहोळावरच्या मोडक्या पुलाकडे बघितलं आणि म्हटलं, "तुमच्या साकवाचं काम यंदाही राहूनच गेलं ना?"

बस्स. राहूनच गेलं ना. खोटं नव्हतं, साकव मोडलेलाच होता. ती "हो ना" म्हणाली आणि मी चपला घातल्या.

दुसरा डबा तिच्याकडे. ती तेव्हा सरपंच. तिने चहा ठेवला, बशीत दोन पातोळ्या काढून माझ्यासमोरच खाल्ल्या, वेलची बेताची आहे म्हणाली. मी तिच्या गुडघ्याची चौकशी केली, तेल सांगितलं. बाहेर पाऊस होता, तिने जाताना स्वतःची छत्री दिली.

आठवड्याभरात बीडीओकडे, म्हणजे गटविकास अधिकाऱ्याकडे, सरपंचावर अविश्वासाची नोटीस गेली. बैठकीत चार हात वर झाले.

डबा महिन्याने परत आला, तिच्या भाच्याबरोबर. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. हा धुऊन, पुसून, कोरडा करून आला होता. मी झाकण काढून आत बोट फिरवलं. साखरेचा एक कणही नाही. म्हणजे तिला कळलं होतं. कोणाकडून, ते मला अजून माहीत नाही. तेव्हापासून चवथीला ती आमच्या गणपतीच्या पाया पडायला येत नाही. छत्री अजून आमच्याकडेच आहे.

साकव झाला, हे लिहायला हवं. यांनीच केला. मुलं त्यावरून शाळेत जातात. ते बघितलं की बरं वाटतं, आणि तिचं घर त्याच वाटेवर आहे.

शेवटच्या मालिकेत अर्कहार्ट थॅचरबाईंचा इतकी वर्षं पंतप्रधान राहण्याचा विक्रम मोडतो, जुनं पाप वर येऊ लागतं, आणि थॅचरबाईंच्याच पुतळ्याच्या अनावरणात त्याला गोळी लागते. व्यवस्था बायकोची. तो तिच्या हातात मरत असतो आणि ती त्याला मायेने समजावते की दुसरा मार्गच नव्हता. डायान फ्लेचरने ते असं केलंय की मला तिचं खरं वाटलं. हे खुर्चीत डुलक्या काढत होते ते गोळीच्या आवाजाने जागे झाले. काय झालं विचारलं. धाकटीने सांगितलं, बायकोने मारवलं. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्यापासून माझा चहा मीच करीन." तिघंही हसलो. तेवढ्यात ती बोलली, तुजेच भशेन.

आता हसू येतंय थोडं. एवढी कारस्थानी बाई, आणि एक छत्री परत करायला जमत नाही.

नागपंचमी चार दिवसांवर आलीय. भांडी घासून झाल्यावर मी माळ्यावरून तो डबा काढला होता. यांनी झोपायला जाताना बघितला. काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, "मी नेऊन देऊ?"

म्हटलं, "तुम्ही नको. तुम्ही गेलात तर तिला वाटेल निवडणूक आली."

"मग तू जा."

"मी गेले तर तिची खात्रीच होईल."

धाकटीला पाठवावं. पण तिलाही निघताना काही सांगायला गेले की परत म्हणेल, बघ, तुझं सुरू झालं. परसातली हळदीची पानं पावसाने अर्धी फाटलीत. सकाळी उठून धड किती आहेत ते मोजायला हवं.