मेस्तिया ते उश्गुली : इंग्रजी मेस्तियापर्यंतच

जॉर्जियात इंग्रजीवर आरामात निभावते, असे ज्यांनी आम्हाला नाशिकमध्ये छातीठोकपणे सांगितले, ते तिबिलिसी आणि कुताइसीच्या पुढे गेले नसावेत. त्या शहरांतले दिवस सुखाचे गेले. त्यांविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. स्वानेती या डोंगराळ प्रदेशात मेस्तिया ते उश्गुली ही चार दिवसांची पायवाट मात्र वेगळी आहे. हरिहर आणि साल्हेर सहज चढणाऱ्याला ती दमवते, पण अडवत नाही. अडवते ती आदिशी गावापुढची नदी.

नदीला हिमनदीचे वितळलेले पाणी असल्यामुळे ऊन चढते तशी ती फुगते. आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी मांडीच्या वर आणि ओढ भयंकर होती, म्हणून घोड्यावरून पलीकडे जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. घोडेवाल्याने इंग्रजीत माणशी ‘फिफ्टीन’ लारी (तिथले चलन) सांगितले, आम्ही होकार दिला, आणि पलीकडे उतरल्यावर त्याने ‘फिफ्टी’ मागितले. वाद घालण्याइतकी भाषा दोघांकडेही नव्हती, फोनला रेंज नव्हती आणि पुढे सुमारे २,७०० मीटरवरच्या च्खुंदेरी खिंडीची चढण बाकी होती. पैसे मोजावे लागले. ही उघड लूट होती आणि ती इंग्रजीमुळेच शक्य झाली, हे माझे ठाम मत आहे, कारण जॉर्जियनमध्ये पन्नास म्हणजे ‘दोन विसा आणि दहा’ असा लांबलचक शब्द असून पंधराशी त्याचा काडीचाही गोंधळ होत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी शंभरापर्यंतचे आकडे आणि ‘रा घीर्स?’ हा किंमत विचारण्याचा प्रश्न पाठ कराच. लिपीत ३३ अक्षरे आहेत, लिहिल्याप्रमाणेच उच्चार होतो, आणि ‘चहा’ व ‘चमचा’ यांतल्या दोन ‘च’मधला फरक जन्मापासून जिभेवर असल्यामुळे आपल्याला हे उच्चार इंग्रजांपेक्षा लवकर साधतात. मार्श्रुत्का म्हणजे तिथल्या वडाप गाड्या. त्यांच्या पाट्या वाचता आल्या तरी अर्धी अडचण सुटते.

सोव्हिएत काळात शिकलेल्या वडीलधाऱ्यांना रशियन येते, तर इंग्रजी शिकवायला परदेशी शिक्षक आणण्याची सरकारी मोहीम २०१० साली सुरू झाली, त्यामुळे घरात इंग्रजी बोलणारे बहुधा सर्वांत धाकटे असते. तरीही रशियाशी झालेल्या २००८ च्या युद्धानंतर रशियनने संभाषण सुरू करणे मला योग्य वाटत नाही. आधी ‘गामार्जोबा’ म्हणजे जॉर्जियन नमस्कार म्हणावा. नाशिकरोड स्टेशनबाहेर मराठीत भाडे विचारणाऱ्या परप्रांतीयाशी रिक्षावाल्याचा सूर जसा बदलतो, तसाच बदल आम्ही उश्गुलीत अनुभवला : परतीच्या जीपचे भाडे जॉर्जियनमध्ये विचारले, पहिल्याच फेरीत रास्त भाव मिळाला आणि सारा शीण उतरला.

आदिशीहून उजाडताच निघा. घोड्यावर सॅक चढवण्याआधी रक्कम जॉर्जियनमध्ये बोला, ती कागदावर लिहून दाखवा आणि माणशी की सर्वांची मिळून, हे बोटांनी दाखवून पक्के करा.